उणे एक पाऊस

करंजी घाटाच्या पलीकडं, पाथर्डीच्या वाटेवर एक शेतकी केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक विहीर, बारा एकर मुरमाड जमीन आणि तारेच्या कुंपणात एक पावसाची बाटली. या बाटलीवर भिमाजी अकोलकर यांची नेमणूक होती. बाटलीच्या डोक्यावर पत्र्याचं नरसाळं, शेजारी काचेचं मोजपात्र. रोज सकाळी साडेआठाला भिमाजींनी कुंपणाचं फाटक उघडायचं, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, वाकून बघायचं आणि रजिस्टरात आकडा लिहायचा. काम एवढंच. पण ते हे काम चौदा वर्षं अशा चेहऱ्यानं करत आले होते, की बघणाऱ्याला वाटावं, हे मोजतात म्हणून तर पाऊस पडतो.

गावानं त्यांचं नाव 'मिलिमीटर' ठेवलं होतं. पारावरचे लोक रात्रीच्या पावसाबद्दल 'लई झाला' म्हणायचे. भिमाजी कधी 'लई' म्हणाले नाहीत. ते थांबायचे, टोपी सारखी करायचे आणि सांगायचे, "एकोणीस पूर्णांक दोन." त्यावर पारावर कुणी वाद घालत नसे. वाद घालण्यासारखं त्यात काही उरतच नसे.

बहात्तर साली मात्र पूर्णांकाचीही गरज पडली नाही आणि दशांशाचीही. सरकारी भाषेत काही नसलं की 'निरंक' लिहितात. भिमाजींनी त्या वर्षी निरंक इतक्या वेळा लिहिलं, की नगरच्या हेडक्लार्कनं, श्रीमंत आडनावाच्या भाऊसाहेबांनी, त्यांना या शब्दाचा रबरी शिक्का करून द्यायची तयारी दाखवली. भिमाजींनी नको म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं, कालचं निरंक वेगळं आणि आजचं वेगळं. दोन्ही वेळेला आपण फाटक उघडून आत गेलो, वाकलो, बघितलं, बाटली कोरडी होती. एवढं सगळं करून झाल्यावर माणसानं ते हातानं लिहावं.

आणि इथंच त्यांच्या नोकरीचा सगळा धर्म होता. निरंक म्हणजे बघितलं आणि नव्हतं. बघताच आलं नाही, तर निरंक नाही. मग ती ओळ कोरी. चौदा वर्षांत अशा कोऱ्या ओळी फक्त तीन. पहिली, आई वारली त्या दिवसाची. दुसरी, मोजपात्र फुटलं त्या दिवसाची. ते त्यांच्या मंडळींच्या, लंकाबाईंच्या हातून राखेनं घासताना फुटलं होतं. नवं पात्र दुसऱ्या दिवशी नगरहून आलं, पण भिमाजी लंकाबाईंशी बोलले ते तिसऱ्या दिवशी. लंकाबाई म्हणाल्या होत्या, "कोरा तर कोरा, पाऊस काय तुमच्या वहीत पडतोय व्हय?" तिसरी ओळ एकोणसत्तरच्या सप्टेंबरातली. त्या रात्री धो धो पाऊस झाला आणि पहाटे शेजारच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडून कुंपणात शिरली. भिमाजी पोचले तेव्हा बाटली आडवी होती आणि म्हैस उभी. त्यांनी आकड्याचा रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं: 'म्हशीने यंत्र पाडले. पाऊस झाला. माप नाही.'

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात वरून कागद आला. जिल्ह्यातल्या तेरा केंद्रांची पावसाची रजिस्टरं आता पुण्याच्या कॉम्प्युटरात जायची होती. प्रत्येक केंद्रावरून पाऊस मोजणारा माणूस आठवडाभर शिकायला यावा, येताना रजिस्टर आणावं आणि शनिवारी संध्याकाळी ते पुण्याच्या गाडीत चढवावं. शिकायचं कुठं, तर केडगावच्या एका सरकारी गोदामात. त्या तेरांतला एक मी. श्रीगोंद्याकडच्या केंद्रावरून गेलो होतो. भिमाजींच्या बाकावर जागा मिळाली, म्हणून हे सगळं सांगता येतं.

सोमवारी सकाळी भिमाजी धुतलेलं धोतर, नवी टोपी आणि पिशवीत नारळ घेऊन हजर झाले. नारळ यंत्रापुढं फोडायला. पहिला धक्का तिथंच बसला. गोदामात खताची पोती होती, फळा होता, तेरा माणसांना सहा बाक होते, पण यंत्र नव्हतं. शिकवायला पुण्याहून देवस्थळी नावाचे सर आले होते. वय पंचविशीचं, चष्मा जाड, पायात सँडल. त्यांनी सांगितलं, की यंत्र पुण्यात आहे, ते एका दिवाणखान्याएवढं आहे, त्याला गारव्यात ठेवावं लागतं आणि त्याला हलवता येत नाही.

"मंग आमी शिकायचं कशावर?" भिमाजींनी विचारलं.

"कागदावर," सर म्हणाले.

तेराही जणांनी एकमेकांकडं बघितलं. विहीर पुण्याला आणि पोहायचं केडगावला. पण सरकारी काम होतं. नारळ फळ्यापुढं फोडला आणि सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

कागदही साधा नव्हता. त्यावर आडव्या ओळी आणि ओळीत बारीक चौकटी, एका ओळीत ऐंशी. एका चौकटीत एकच इंग्रजी अक्षर घालायचं. हे कागद संध्याकाळच्या एस्टीनं कंडक्टरबरोबर पुण्याला जायचे, तिथं मुली ते बघून जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायच्या, यंत्र ती भोकं वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस्टीनं उत्तर यायचं. यंत्राला शब्द किती समजतात असं मी विचारलं. सर म्हणाले, वीस-पंचवीस. माझ्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, की आमचा बैल याहून जास्त समजतो. सरांनी ते ऐकलं. बैल बेरजा करतो का, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

भिमाजी सातवी पास. इंग्रजी अक्षरं त्यांना येत होती, ती रजिस्टरावरच्या छापील मथळ्यातून शिकलेली. ते एकेक अक्षर दारावर गणपती काढावा तसं काढायचे. 'रीड' म्हणजे वाच, 'राइट' म्हणजे लिही, 'डू' म्हणजे एवढ्या फेऱ्या मार. हे त्यांना पटलं, कारण हुकूम कसा असावा तर असा. पण मंगळवारी सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि भिमाजी उभे राहिले. ओळ होती: एन बरोबर एन अधिक एक.

"सर, राग मानू नका. पर हे खोटं हाय."

सर म्हणाले, खोटं नाही, हे असंच लिहितात. भिमाजी म्हणाले, की शाळेत हे लिहिलं असतं तर गुरुजींनी अंगठे धरून उभं केलं असतं. पाच बरोबर पाच अधिक एक, हे कुठल्या देशात होतं? बाकीच्या अकरा जणांनीही मान डोलावली. मीही डोलावली, मला तर तोवर त्यात काही खटकलंच नव्हतं.

सरांनी मग खडूची रिकामी डबी घेतली, तिच्यावर एन लिहिलं, आत एक खडू टाकला. म्हणाले, ही डबी. आत किती आहेत बघ, त्यात एक घाल, आणि जे होतील ते परत याच डबीत ठेव. भिमाजींनी डबी हातात घेऊन आत बघितलं, मोजपात्रात बघतात तसं.

"मंग 'बरोबर' कशाला म्हंता? 'ठेव' म्हना की."

देवस्थळी सरांनी डबी परत घेतली आणि आत बघितलं. मग म्हणाले, "खरं आहे. ठेवच म्हणायला हवं होतं."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात त्या चिन्हाला सगळे 'ठेव' म्हणू लागले, सरसुद्धा.

बुधवारी स्वाध्याय मिळाला. प्रत्येकानं आपल्या रजिस्टरातला कुठलाही एक आठवडा घ्यायचा. यंत्राला सात दिवसांचा पाऊस वाचायला सांगायचा, त्याची बेरीज आणि रोजची सरासरी छापून घ्यायची. अकरा ओळींचं काम. भिमाजींनी आठवडा निवडला तो एकोणसत्तरच्या सप्टेंबरातला. चौदा वर्षांतला सगळ्यात चांगला आठवडा. निरंकाचं वर्ष नुकतंच संपलं होतं. यंत्राशी पहिलीच ओळख, तर ती जरा भरल्या घरानं करावी, असा त्यात भाव होता.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद, त्यावर काळी छपाई. भिमाजींच्या अकरा ओळींत यंत्राला चौदा चुका सापडल्या होत्या. ते कागद धरून बसले. त्यांच्या रजिस्टराला चौदा वर्षांत एक लाल शेरा नव्हता आणि इथं एका रात्रीत वर्षाला एक याप्रमाणं हिशेब चुकता झाला होता.

सरांनी त्यांचा कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. यंत्राच्या भाषेत पहिल्या सहा चौकटी सोडून सातवीपासून हुकूम लिहायचा असतो. भिमाजींनी पहिलीपासून लिहिलं होतं, सरकारी कागद वाया घालवायचा नाही म्हणून. आणि ओळ संपल्यावर उरलेल्या मोकळ्या जागेत त्यांनी तिरकी रेघ मारली होती. कचेरीत मोकळी जागा तशी सोडत नाहीत, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून रेघ मारतात. पुण्याच्या मुलींनी त्या रेघेचंही भोक पाडलं होतं. यंत्रानं ती भागाकाराची खूण धरली आणि कशानं भागू म्हणून ते अकरा वेळा अडून बसलं.

"मोकळी जागा मोकळीच सोडा, भिमाजीराव," सर म्हणाले. "यंत्र त्यात काही घुसडत नाही."

भिमाजींनी रात्रीच्या आत पुन्हा सगळी अक्षरं काढली, सातवीपासून, रेघा न मारता. कागद एस्टीत गेला.

शुक्रवारी उत्तर आलं आणि त्यात एकही चूक नव्हती. आमच्या तेरांतले फक्त चौघे सुटले होते, त्यांत भिमाजी. सरांनी त्यांचा कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. बेरीज अठ्ठ्याहत्तर, सरासरी अकरा पूर्णांक एक. भिमाजींनी कागद परत घेतला, चष्मा लावला आणि वरून खाली वाचायला लागले. मी शेजारीच होतो. चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. आईची बातमी आली तेव्हा कदाचित हा माणूस असाच दिसला असेल.

"सर, ह्या दिवशी शून्य छापलंय."

सरांनी बघितलं. म्हणाले, तुम्ही त्या दिवसाचं कार्ड कोरं ठेवलंय. कोरी जागा यंत्र शून्य म्हणून वाचतं. तसा नियमच आहे.

"आमी शून्य सांगितलं न्हाई. आमी कायीच सांगितलं न्हाई."

"यंत्राला दोन्ही एकच."

भिमाजी खाली बसले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि सरांना ते पान दाखवलं. दुसऱ्या दिवसापुढं निरंक, चौथ्यापुढं कोरं आणि शेऱ्यात म्हैस. सर म्हैस वाचून हसले. भिमाजी हसले नाहीत. ते म्हणाले, त्या रात्री माझ्या घरात चार ठिकाणी भांडी लावली होती. त्या पावसानं ओढ्याला पूर आला. सगळ्या गावानं बघितला. आता तुमचं यंत्र म्हणतंय, त्या दिवशी थेंब पडला नाही, आणि त्याखाली माझी सही.

सरांनी समजूत काढली. पाच हजार दिवसांतले तीन दिवस. सरासरीत कुठं दिसणारसुद्धा नाहीत. भिमाजींनी रजिस्टर मिटलं, पिशवीत घातलं आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मंग हे रजिस्टर मी देत न्हाई."

ही गोष्ट नगरच्या कचेरीत पोचायला अर्धा तास लागला. श्रीमंत भाऊसाहेब सायकलवर केडगावला आले. त्यांचा भिमाजींवर जीव होता, पण हुकूम हुकमासारखा होता. त्यांनी भिमाजींना पोत्यांच्या आड नेलं आणि जे सांगितलं ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. शनिवारी संध्याकाळी ज्याचं रजिस्टर गाडीत नसेल, त्याच्याकडून यंत्र काढून घ्यायचं. बाटली, मोजपात्र, फाटकाची किल्ली, सगळं. त्यांच्या जागी दुसरा माणूस.

"तीन दिवसांसाठी चौदा वर्सं घालवता का, भिमाजी?"

"भाऊसायेब, चौदा वर्सं ऱ्हावी म्हनूनच म्हंतोय."

भाऊसाहेब पोत्यांच्या आडून बाहेर आले. ते सायकलला पाय लावून उभे राहिले, घंटी एकदा उगीच वाजवली आणि निघून गेले.

देवस्थळी सर हे सगळं फळ्याजवळून बघत होते. वर्ग सुटला, सगळे चहाला गेले. आम्ही दोघंच बसलो होतो, कारण भिमाजी उठत नव्हते. सर येऊन समोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, की उद्या शिकवायची गोष्ट आज शिकवतो. त्यांनी कागदावर एकच शब्द लिहिला: इफ. म्हणजे 'जर'. त्याच्या पुढं कंसात पावसाची डबी आणि कंसापुढं तीन आकडे, म्हणजे तीन ओळींचे नंबर.

हा तिठा आहे, सर म्हणाले. यंत्र इथं येऊन डबीत बघतं. आत उणे आकडा असला तर पहिल्या वाटेनं जातं. शून्य असलं तर दुसऱ्या. अधिक असला तर तिसऱ्या. कुठली वाट कुठं नेते ते तुम्ही ठरवायचं.

भिमाजींनी बोटानं तीन आकड्यांना एकेकदा शिवून बघितलं. शून्याची वाट म्हणजे निरंक, हे त्यांना लगेच कळलं. अधिकची म्हणजे पाऊस. पहिल्या वाटेवर बोट ठेवून ते थांबले.

"उणा पाऊस कुटं आसतो का, सर?"

"कुठंच नसतो. म्हणूनच तो वापरायचा. मोजलं नाही त्या दिवशी कोरं नाही ठेवायचं, उणे एक लिहायचं. खरा पाऊस कधीच उणे एक असणार नाही. यंत्रानं तो बघितला, की बेरीज करायची नाही, दिवस मोजायचा नाही, सरळ पुढच्या कार्डावर जायचं."

मला वाटलं, संपलं. पण भिमाजींना बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा होता. शून्य खोटं म्हणून जो माणूस नोकरी सोडायला निघाला होता, त्याला आता, पडला असता तर जमिनीतून वर पडला असता, असा पाऊस लिहायला सांगत होते. ते म्हणाले, शून्य निदान कधीतरी खरं असतं. हे तर कधीच खरं नसतं.

सर म्हणाले, "हो. म्हणून त्यानं कुणी फसत नाही. शून्य बघून माणूस फसेल, कारण ते खऱ्यासारखं दिसतं."

भिमाजी उठले आणि गोदामाच्या दारात जाऊन उभे राहिले. समोर पुण्याचा रस्ता होता, उन्हानं मऊ पडलेलं डांबर, दोन ट्रक, एक टांगा. ते किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही. पोऱ्यानं आमच्यापुरता आणून ठेवलेला चहा मात्र निवून गेला. परत आले ते बसण्याआधीच त्यांनी कोरा कागद पुढं ओढला.

"वहीत मी उनं लिवनार न्हाई. वहीत कोरंच. कागदावर लिवतो."

सरांनी हे मान्य केलं. भिमाजींनी सहा चौकटी सोडून सातवीत 'इफ' काढला, कंस उघडला, डबी घातली, कंस मिटला. तिठ्याच्या तीन वाटा लिहिताना त्यांनी सरांना हात लावू दिला नाही. पहिली वाट पुढच्या कार्डाकडं, दुसरी आणि तिसरी बेरजेकडं. निरंकाचा दिवसही मोजायचा, कारण तो मोजलेला दिवस होता. शेवटी चौथ्या कार्डासाठी त्यांनी उणे एक लिहिलं आणि ते लिहिताना तोंड जरा वाकडं केलं, काढा घेताना करतात तसं. संध्याकाळच्या एस्टीत तेवढा एकच कागद गेला. सर स्वतः तो कंडक्टरच्या हातात द्यायला गेले.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. बेरीज अठ्ठ्याहत्तर. दिवस सहा. सरासरी तेरा पूर्णांक शून्य. भिमाजींनी छापील कागदाच्या मागच्या बाजूला हातानं भागाकार केला, दोनदा केला, आणि पिशवीतून रजिस्टर काढून सरांच्या टेबलावर ठेवलं. सोबत एक कागद होता. त्यात तीन तारखा आणि खाली एक ओळ: 'उणे एक हा पाऊस नव्हे. माप नाही असे समजावे.' खाली सही.

इथवर सगळं भिमाजींचं होतं. यापुढं जे झालं त्याची सरांना कल्पना नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हती.

गाडी यायला तीन तास होते. बाकीची बारा रजिस्टरं टेबलावर आधीच रचून ठेवलेली होती, आणि सरांनी ती बुधवारीच चाळली होती. त्यांत एकही ओळ कोरी नव्हती. म्हणून उणे एकचा प्रश्न भिमाजींपुरताच आहे अशी त्यांची समजूत. तरी नियम सगळ्यांना सांगावा म्हणून त्यांनी तो फळ्यावर लिहिला. म्हणाले, कुणाचे दिवस मोजायचे राहिले असतील तर तारखा कागदावर लिहून द्या. वहीतला आकडा तसाच राहू दे. कारण विचारणार नाही.

बाहेर टांग्याच्या घोड्यानं पाय आपटलेला ऐकू आला. मग जामखेडकडचे एक वयस्क गृहस्थ, रंगनाथ त्यांचं नाव, उठले, टेबलापाशी गेले आणि रचलेल्या वह्यांतून आपली वही ओढून काढली. ती घेऊन ते भिमाजींच्या बाकाशी आले.

"ते उनं कसं लिवायचं, जरा दावता का?"

त्यांच्यामागून कोपरगावचा माणूस उठला. मग अकोल्याचा. मग मी. वह्यांची चळत एकेक करून टेबलावरून बाकांवर गेली. कुणी तापात होता, कुणी लग्नाला गेला होता, कुणाची बाटली महिनाभर फुटकी होती आणि नवी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी आभाळाकडं बघून, शेजाऱ्याला विचारून आकडा घातलेला. श्रीगोंद्याच्या वहीत असे दिवस एकोणीस निघाले. सगळे माझे.

देवस्थळी सर कागद गोळा करत होते आणि खाली आकडा मांडत होते. एकशे एक्केचाळीसला त्यांनी पेन्सिल ठेवली. चेहरा असा, की आता कुणी त्यांना सांगितलं असतं, पुण्याचं यंत्र आत एक माणूस बसवून चालवतात, तरी त्यांना खरं वाटलं असतं.

"अहो, मग ओळ कोरी का नाही ठेवली?" त्यांनी विचारलं.

रंगनाथ खाली बघत म्हणाले, "सर, कोरं ठेवायची परवानगी हाय, हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

सगळ्यात जास्त धक्का भिमाजींना बसला होता. चौदा वर्षं त्यांची अशी ठाम समजूत, की जिल्ह्यात तेरा ठिकाणी तेरा माणसं रोज साडेआठाला आपल्यासारखीच वाकतात. त्यांनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस आपली वही या वह्यांत ठेवायलाही नको म्हणेल. पण बाकापाशी सहा-सात जण उभे होते, हातात वही, आणि गाडीला दोन तास उरले होते. भिमाजींनी पेन्सिलीला टोक केलं, पिशवी खाली ठेवली आणि बाकावर सरकून रंगनाथांना जागा करून दिली.

"बसा. आधी तारखा सांगा. सावकाश."